इराणी शेठ आणि आमची भट्टी

आमच्या घरात पावाला नावं ठेवलेली कुणाला खपत नाहीत. डॉक्टरांनी मैदा बंद करायला सांगितला की आत्या "बरं" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी चहात बटर बुडवते. (बटर म्हणजे लोणी नव्हे. महाडकडे जे कडक, गोलसर मिळतं आणि चहात टाकल्यावर अर्धा कप पिऊन टाकतं, ते. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी खुलासा.) कारण सरळ आहे. आमच्या तीन पिढ्यांची भाकरी पावावर निघाली.

आजोबा उमरठचे. उमरठ म्हटलं की लोकांना तानाजी मालुसरे आठवतात, आणि ते बरोबरच आहे. 1670 साली सिंहगडावर तानाजी पडले, त्यांचा देह मढे घाटानं खाली उतरवून उमरठला आणला असं सांगतात. समाधी गावात आहे. शाळांच्या सहली येतात, फोटो काढतात, जातात. पण समाधीपलीकडचं उमरठ म्हणजे उतारावरची भातखाचरं, वरकस जमिनीतली नाचणी-वरी, आणि दिवाळीनंतर संपणारं काम. त्यामुळे घरटी एक पुरुष मुंबईत. गिरणीत, गोदीत, हॉटेलात, नाहीतर बेकरीत. मुंबईत गावची एक खोली असायची, भाडं वाटून घेतलेलं, झोपायचं पाळीपाळीनं. आजोबा 1944 मध्ये, सतराव्या वर्षी, अशाच एका खोलीत वळकटी घेऊन उतरले. लागायचं होतं गिरणीत, लागले बेकरीत. कारण बेकरीत झोपायला जागा मिळत होती आणि खोलीत मिळत नव्हती. मोठ्या घराण्यांच्या इतिहासात मोठी मोठी कारणं असतात, आमच्या धंद्याचं मूळ एवढंच आहे.

त्या बेकरीचं नाव इथे देत नाही. बेकरी बंद होऊन बरीच वर्षं झाली, शेठच्या घरचे परदेशात आहेत, आणि पुढे जे लिहिणार आहे त्यातलं काही त्यांना आवडेलसं नाही. पण तसल्या बेकऱ्या कुठून आल्या हे मात्र सांगायलाच हवं. आम्ही मराठी माणसं इराण्याकडे आयुष्यभर चहा पितो, आणि तो इथे का आला हे क्वचितच विचारतो.

पारशी आणि इराणी यांत आपण गल्लत करतो. दोघे झरथुष्ट्री, पण पारशी हजारएक वर्षांपूर्वी संजाणला उतरले, आणि इराणी म्हणजे जे मागेच राहिले त्यांचे वंशज. ते राहिले याझ्द आणि केरमान या वाळवंटी भागांत, आणि तिथे त्यांचे हाल झाले. चांगले कपडे घालायचे नाहीत, मुसलमानासमोर जनावरावर बसायचं नाही, आणि वर जिझिया भरायचा. जिझिया म्हटलं की आपल्याला 1679 चा औरंगजेब आठवतो. इराणात तो 1882 पर्यंत चालू होता! तो उठवण्यामागे मुंबईच्या पारशांचा हात होता. त्यांनी 1854 मध्ये माणेकजी लिमजी हातारिया नावाचा माणूस तिकडे पाठवला, आणि त्यानं आयुष्य खर्ची घालून, अर्ज-विनंत्या करून, पैसे ओतून हे काम तडीस नेलं. मध्ये 1870-72 चा भयंकर दुष्काळ येऊन गेला. त्याच्या आगेमागे माणसं निघाली ती विसाव्या शतकात बरीच वर्षं निघतच राहिली. कुणी गाढवं-खेचरं घेऊन बलुचिस्तानातून, कुणी बंदर अब्बासहून बोटीनं.

मुंबईत आल्यावर यातले बरेच जण आधी पारशांच्या घरी नोकर म्हणून राहिले. मग चहा, मग कोपऱ्यावरचं दुकान, मग मागे भट्टी. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. असेलही थोडीफार खरी. मला मात्र वाटतं की ज्याला दोन रस्त्यांवरचं गिऱ्हाईक हवं तो कोपराच शोधणार, त्याला शुभाशुभाची काय गरज! आणि सगळे इराणी झरथुष्ट्री नव्हते हेही लक्षात असू द्या. याझ्दहून आलेले शिया मुसलमानही याच धंद्यात होते. पुण्याच्या डेक्कनवरचं गुडलक 1935 मध्ये सुरू केलं ते हुसेन अली यक्षी यांनी. मायदेशी ज्यांच्यात एवढं अंतर होतं ते इथे एकाच तऱ्हेची काळी वाकवलेली खुर्ची आणि संगमरवरी टेबल घेऊन बसले, आणि आपण दोघांनाही "इराणी" म्हणून मोकळे झालो.

धोबीतलावचं क्यानी 1904 चं. मरीन लाइन्सजवळचं ससॅनियन 1913 चं. ग्रँट रोड स्टेशनसमोर बी. मेरवान 1914 मध्ये सुरू झालं, त्याच्या मावा केकसाठी लोक पहाटे उभे राहत. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया 1923 चं. फोर्टातली याझदानी बेकरी त्यामानानं उशिराची, 1953 ची, तिच्या ब्रून पावासाठी लोक वाट वाकडी करून जात. आणि पुण्यात ईस्ट स्ट्रीटवर 1955 मध्ये इराणी भावांनी काढलेली कयानी. श्रूसबेरी हे गाव इंग्लंडात आहे हे माहीत नसलेली, पण श्रूसबेरी बिस्किटं पुण्याचीच असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मला रोज भेटतात. कयानी दुपारी बंद असते. आमचे आजोबा एकदा पुण्यात आले असताना नेमके दीड वाजता तिथे पोचले. पुणेकर पाहुणा चिडला असता. आजोबा म्हणाले, "बरोबर आहे, भट्टी रात्रभर जागी असते, माणसानं झोपायचं कधी?"

या सगळ्या दुकानांचा इतिहास वर्तमानपत्रांत अधूनमधून येतो. आजोबा कसे आले, नातू आता कसा गल्ल्यावर बसतो, भिंतीवर झरथुष्ट्राची तसबीर, थुंकू नका, भांडू नका, केस विंचरू नका अशा पाट्या. (निस्सीम इझिकेल यांनी त्या पाट्यांवरून एक कविताच केली.) वाचायला छान असतं. मी सगळं वाचतो. फक्त दरवेळी वाटतं, या लेखात मागच्या दारानं कुणी आत का जात नाही?

मागच्या दारातून गेलं की भट्टी. आजोबांनी ती मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी तिथे कधी गेलो नाही हे मलाच खरं वाटत नाही. विटांची घुमटी, आत दोन माणसं वाकून उभी राहतील एवढी पोकळी, तोंड मात्र लहान. संध्याकाळी पीठ मळायचं. लाकडी कोठीत, चौघांनी मिळून, कमरेपर्यंत उघडे. काल रात्रीच्या पिठाचा गोळा राखून ठेवलेला असे, तो नव्या पिठात घालायचा, तेच खमीर. (तयार यीस्ट नंतर आलं, आणि ते आजोबांना कधीच आवडलं नाही.) पीठ फुगेस्तोवर भट्टीत लाकूड जाळायचं. मग निखारे ओढून काढायचे, ओल्या गोणपाटानं लादी पुसायची आणि मूठभर मैदा आत फेकायचा. मैदा लगेच काळा झाला तर थांबा. हळूहळू बदामी झाला तर पाव लावा. थर्मामीटर म्हणाल तर हा.

आणि यातली गंमत अशी की, लाकूड एकदाच जळतं पण माल पाच तऱ्हेचा निघतो. पहिल्या तापात लादी पाव. तो पत्र्यात एकमेकांना चिकटून बसवलेला असतो, त्यामुळे आच फक्त डोक्याला लागते आणि अंगं मऊ राहतात. लादी तोडल्यावर पावाच्या बाजू पांढऱ्या दिसतात त्या म्हणूनच. मग ब्रून, म्हणजे कडक पाव. तो सुटा सुटा ठेवायचा आणि जास्त वेळ, म्हणजे चारी बाजूंनी साल धरते. ताप उतरला की खारी. आणखी उतरला की बिस्किटं, नानकटाई. आणि अगदी शेवटी, भट्टी नुसती कोमट असताना, कालच्या पावाच्या कापट्या करून टोस्टसाठी आत सोडून द्यायच्या. त्या सकाळपर्यंत वाळतात. उतरत्या आचेचा एक कणही वाया जाऊ द्यायचा नाही. आमच्या आजीनं चुलीवर भाकरी झाल्यावर वैलावर दूध आणि राखेत कांदा ठेवला की आजोबा म्हणायचे, "आमची भट्टी अशीच."

लाकडाच्या भट्टीच्या चवीबद्दल लोक हळहळतात. मी हळहळत नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हा माझ्या ओळखीतले चार जण "आता पावाला ती चव राहणार नाही" म्हणून उसासले. त्यांनी आजोबांचा खोकला ऐकलेला नाही. बेकऱ्यांत जळणारं लाकूड म्हणजे काही आमराईतलं नसतं. मोडलेल्या इमारतींच्या चौकटी, रंग लावलेली फर्निचरं, खिळ्यांसकट. आजोबा एकोणचाळीस वर्षं तो धूर गिळत होते. चव राहील तेवढी राहू दे.

शेठला आजोबांचं नाव घेता यायचं नाही. तो त्यांना "उमरठ" म्हणायचा. "ए उमरठ, ब्रून निकाल." दुसरा एक "चिपळूण" होता, एक "आजमगढ" होता, आणि मंगळूरकडचा एक नुसता "मंगळूर". आत्याला याचा अजून राग येतो. माणसाला काय गावाच्या नावानं हाक मारायची! काका म्हणतो, शेठला तरी कुणी नावानं ओळखायचं? इकडे आला तेव्हा आडनावाच्या रकान्यात लिहिलं "इराणी", झालं. अख्ख्या देशाचं नाव त्याच्या गळ्यात, आणि त्याचं खरं गाव याझ्दजवळचं एक खेडं, तेही मुंबईत कुणाला उच्चारता येत नव्हतं.

त्या खेड्याबद्दल शेठ आजोबांशी बोलायचा. पहाटे दोन ते चार भट्टी तापेपर्यंत दोघांनाही दुसरं काम नसे. याझ्दला पाऊस जवळजवळ नाहीच. तिथले लोक डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालून बोगदे खणून कित्येक कोस आणतात, त्याला कनात म्हणतात. त्या खणणाऱ्यांतच शेठचा बाप होता. आजोबांनी उमरठचं वर्णन केलं. चार महिने पाऊस इतका की घरातली भांडी अंगणात वाहून जावीत, आणि एप्रिलात विहिरी कोरड्या, बायका हंडा घेऊन डोंगर उतरतात. शेठला हे पटेचना. "इतना पानी किधर जाता है?" तो दरवर्षी मे महिन्यात नव्यानं विचारायचा. आजोबांकडे उत्तर नव्हतं. पोलादपूर तालुक्यात आजही पुष्कळ वाड्यांकडे नाही.

आणखी एक गोष्ट दोघांत सारखी होती. शेठ विस्तवाला तोंडानं फुंकर घालू द्यायचा नाही, पंख्यानं वारा घाला म्हणायचा. माणसाचा श्वास उष्टा, आणि अग्नी पवित्र. भट्टी पेटवताना तो हात जोडायचा. आजोबा तर चुलीला नमस्कार करणाऱ्या घरातले. त्यांनी हे शेठकडून उचललं की आधीपासूनच होतं कोण जाणे, पण आमच्या महाडच्या भट्टीलाही कुणी फुंकर घालत नाही. नवीन पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी हेच सांगतात. का, ते कुणी सांगत नाही.

गावी मात्र पाव सहज शिरला नाही. पाव शब्द पोर्तुगीज, आणि आपल्याकडे त्याची पहिली ओळख "बाटवणारी वस्तू" अशीच. पायानं तुडवून करतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती कुणी काढली देव जाणे, पण तीत त्या वस्तूबद्दलची किळस बरोबर उतरली आहे. 1849 मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग वगैरेंनी परमहंस मंडळी काढली, गुप्तपणे. जातिभेद मोडायचा तिचा पण होता, आणि नव्या सभासदाची परीक्षा काय, तर ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन दाखवायचा. विचार करा, एक तुकडा पाव म्हणजे केवढं धाडस! त्यानंतर शंभर वर्षांनी आजोबा पहिल्यांदा पाव घेऊन उमरठला गेले तेव्हा पणजीनं ती पुडी घरात घेतली नाही. पडवीत ठेवली. कुणी मळला, कुणाचा हात लागला, काय माहीत! आजोबा म्हणाले, "माझा लागला." तरी पुडी रात्रभर पडवीतच राहिली. आजोबांचा जन्म 1927 चा, ज्या वर्षी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्या वर्षीचा. पाण्याचं जे होतं तेच पावाचं. फरक इतकाच की पावाचा प्रश्न पुढे वडापावानं परस्पर निकालात काढला, पाण्याचा तितका सोपा नव्हता.

आता भांडणाकडे येतो. नातेवाइकांपैकी जे वाचताय त्यांनी इथे खुर्ची ओढून घ्या.

1983 मध्ये आजोबा परत आले. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपानं परळ-लालबाग थंड पडलं होतं. अडीच लाख गिरणी कामगार घरी, मग सकाळचा पाव कोण घेणार? शेठची मुलं परदेशी गेलेली, त्याचं वय झालेलं. त्यानं भट्टी बंद केली, पुढचं दुकान काही वर्षं नुसत्या चहावर चालवलं. आजोबांची एकोणचाळीस वर्षं झाली होती. त्यांना मिळालं काय? पावाचे पत्रे, बिस्किटांचे साचे, लांब दांड्याचं लाकडी फावडं, आणि मैद्याच्या व्यापाऱ्याला लिहिलेली एक चिठ्ठी.

आत्याचं म्हणणं: शेठनं लुबाडलं. ग्रॅच्युइटीचा कायदा 1972 चा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानाला लागू, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. बेकरीत चौदा जण होते. एकोणचाळीस वर्षांचे होतात जवळपास वीस महिन्यांचे पगार. आत्या पोस्टात होती, तिला हे पाठ आहे. आजोबांनी मागितले नाहीत, शेठनं दिले नाहीत. तिच्या मते याला प्रेम म्हणत नाहीत.

काकाचं म्हणणं: त्या चिठ्ठीवर मैद्याच्या व्यापाऱ्यानं आम्हाला सहा महिने उधारीवर पोती दिली. अनोळखी माणसाला, महाडला, 1984 मध्ये. त्या पोत्यांवर बेकरी उभी राहिली. वीस महिन्यांचे पगार घरात आले असते तर छपरावर कौलं आली असती आणि संपले असते. शेठनं धंदा दिला.

हे भांडण दर गणपतीत होतं. आरती, मोदक, भांडण. मला विचाराल तर चिठ्ठीची किंमत मी कमी समजत नाही. पण ती शेठची मर्जी होती आणि ग्रॅच्युइटी हा आजोबांचा हक्क. मर्जी दिली म्हणून हक्क फिटत नाही. शेठ स्वतः जिझिया भोगलेल्यांच्या कुळातला माणूस, त्याला हा फरक कळायला हवा होता. (काका, आता फोन करू नकोस.)

महाडची बेकरी काकानं वाढवली. आजोबा पहिली सहा-सात वर्षं भट्टीवर बसायचे, नंतर नुसते बघायला. एमआयडीसीतल्या कामगारांना सकाळी पाव, पाहुण्यांना खारी, पावसाळ्यात टोस्ट, गणपतीत मुंबईहून येणाऱ्यांना बटर. आजोबा 1998 मध्ये गेले. त्यानंतर काका, आणि आता चुलतभाऊ.

22 जुलै 2021 ला महाडात पाणी शिरलं. पूर महाडला नवा नाही, सावित्रीकाठचं गाव, दर दोन-चार वर्षांनी बाजारात पाणी येतंच. पण त्या दिवशीचं निराळं होतं. तळियेत अख्खी वाडी दरडीखाली गेली, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळ्याला माणसं गेली, त्यापुढे आमच्या बेकरीचं दुःख सांगायला तोंड उचलत नाही. तरी सांगतो, कारण विषय तो आहे. भट्टी बुडाली. चाळीस पोती मैद्याची लापशी झाली आणि तिसऱ्या दिवशी तिला असा वास सुटला की शेजारचे नाक धरून मदतीला आले. विटांची भट्टी पाणी पिते. ती आठ-पंधरा दिवस अगदी बारीक जाळावर सुकवावी लागते, नाहीतर आतल्या पाण्याची वाफ होऊन घुमटी तडकते. चुलतभावानं धीर धरला, बारीक जाळ केला, तरी एक तडा गेलाच. तो दोनदा बुजवला. यंदा तिसऱ्यांदा उघडला.

मग मे महिन्यात चुलतभावानं सगळ्यांना महाडला बोलावलं. जागा आजोबांच्या नावावर, म्हणजे वारस आम्ही सगळे, प्रत्येकाची सही लागते. त्यानं दोन कागद पुढे ठेवले. एक, फिरत्या ट्रॉलीच्या नव्या ओव्हनचं कोटेशन, गॅसवरचा. दुसरा, जागा विकत मागणाऱ्या माणसाचा आकडा. दुसरा आकडा पहिल्याच्या कित्येक पट. त्याची मुलगी पुण्यात इंजिनीअरिंगला आहे आणि ती गल्ल्यावर बसणार नाही हे तिनं नम्रपणे आणि स्पष्टपणे सांगितलेलं आहे. पिशवीतला कापलेला ब्रेड प्रत्येक किराणा दुकानात मिळतो. तो म्हणाला, "मी पंचावन्नचा झालो. कुणासाठी ओव्हन घेऊ?"

कुणी काही बोललं नाही. काका भट्टीकडे बघत होता. मी मनात सही केली होती हे कबूल करायला हरकत नाही, आणि मला त्यात गैर काही वाटत नाही. क्यानी-कयानी टिकल्या म्हणून प्रत्येकानं टिकावं असा काही नियम नाही. इराण्यांची दुकानं एकेकाळी मुंबईत शेकड्यांनी होती. त्यातली बहुतेक कुणी बुडवली नाहीत, पोरं शिकली आणि निघून गेली म्हणून मिटली. पोरं शिकावीत म्हणूनच तर बाप रात्रभर भट्टीशी बसला होता.

बोलली ती आत्या. तिनं विचारलं, "बस्तीला काय देणार?"

बस्ती म्हणजे उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातून आलेला आमचा भट्टीवाला. 2003 मध्ये आला तेव्हा अठरा-एकोणीसचा होता. त्याचं खरं नाव घरातल्या अर्ध्या लोकांना आठवत नाही. त्याच्यासोबत आणखी पाच जण आहेत, पण ते येतात-जातात. हा राहिला. पुरात त्यानंच छपरावर चढून साचे वाचवले, शेठच्या बेकरीतले साचे.

चुलतभाऊ म्हणाला, सहाच माणसं आहेत, दहाच्या खाली कायदा लागू नाही.

"कायदा मी विचारला नाही," आत्या म्हणाली. "मी विचारलं काय देणार."

यावर काकानं शेठच्या चिठ्ठीची गोष्ट काढायचा प्रयत्न केला. त्याला स्वतःलाच मध्येच थांबावंसं वाटलं असावं, कारण वाक्य पुरं झालं नाही. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या भांडणात तो गप्प बसला. आत्यानं सांगून टाकलं की वर्षाला पंधरा दिवस या हिशोबानं त्याचे पैसे कागदावर येईपर्यंत ती विक्रीच्याही कागदावर सही करणार नाही आणि ओव्हनच्याही.

बस्तीला बोलावलं. तो पिठाचे हात घेऊन आला, दारातच उभा राहिला. त्याला विचारलं, बेकरी बंद झाली तर काय करशील? तो म्हणाला, गावी भट्टी घालीन, तिकडे आता पाव चालतो. मग जरा घुटमळून, "वो साँचे मिलेंगे क्या?"

आत्या माझ्याकडे बघून हसली, पण ते हसू काही गोड नव्हतं.

त्या दिवशी विक्रीचं ठरलं नाही आणि ओव्हनचंही नाही. तड्यात विटेचा चुरा आणि माती भरून भट्टी दिवाळीपर्यंत ओढायची, एवढं ठरलं. आणि बावीस वर्षांचा आकडा. मी मोबाइलवर गुणाकार केला, काकानं त्याच्या पूर्वीच्या उधारीच्या वहीतलं पान फाडून त्यावर लिहिलं, वर बस्तीचं खरं नाव, आडनावासकट, जे त्याला विचारून घ्यावं लागलं. खाली चुलतभावानं सही केली. "साच्यांचं वेगळं लिही," आत्या म्हणाली, "ते यातून वजा करायचे नाहीत." तेही लिहिलं. आत्यानं पान वाचलं, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या पिशवीत टाकलं.